वाचक विचारतात : ब्लॅकबॉडीची समीकरणे आणि एककांचा हिशेब

खानदेशातून या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक एकाच विषयावरचे आहेत, म्हणून हे सदर ब्लॅकबॉडी प्रारणालाच दिले आहे. ब्लॅकबॉडी म्हणजे अंगावर पडणारे सगळे प्रारण शोषणारा आणि फक्त स्वतःच्या तापमानानुसार प्रारण फेकणारा आदर्श पृष्ठभाग. चिन्हे अशी : एच हा प्लँकचा स्थिरांक, सी प्रकाशाचा वेग, के बोल्ट्झमनचा स्थिरांक, टी तापमान, न्यू वारंवारता, लॅम्डा तरंगलांबी, सिग्मा स्टीफनचा स्थिरांक आणि पाय म्हणजे ३.१४१६. घात ^ या खुणेने दाखवला आहे. केल्विन हे एकक पूर्ण लिहिले आहे, म्हणजे बोल्ट्झमनच्या 'के'शी घोटाळा होणार नाही.

प्रश्न : प्लँकचे सूत्र वारंवारतेत असे आहे :

बी(न्यू) = (२·एच·न्यू^३ / सी^२) × १ / (ई^(एच·न्यू / के·टी) − १)

यात न्यू = सी/लॅम्डा घातले की पुढचा भाग २·एच·सी/लॅम्डा^३ होतो. पुस्तकात मात्र २·एच·सी^२/लॅम्डा^५ दिले आहे. दोन्हींची एककेसुद्धा जुळत नाहीत. चूक माझी की पुस्तकाची? (बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : चूक कोणाचीच नाही. तुमची पायरी फक्त अर्ध्यावर थांबली आहे, आणि ती कुठे थांबली हे एककांवरूनच कळते.

आधी पद्धत सांगतो. परीक्षेच्या सवयीने बरेच जण लगेच वस्तुमान, लांबी, काळ इथपर्यंत खाली उतरतात. एचची मिती वस्तुमान·लांबी^२·काळ^-१, केची त्याहून लांबलचक, आणि मग तिसऱ्या ओळीत एखादा घात गळतो. प्रारणाच्या समीकरणांत जूल फोडूच नका. एच म्हणजे जूल·सेकंद, के म्हणजे जूल/केल्विन, सी म्हणजे मीटर/सेकंद. एवढ्यावर सगळे काम भागते.

पहिली तपासणी नेहमी घातांकाची. एच·न्यू हे जूल·सेकंद × १/सेकंद, म्हणजे जूल. के·टी हेही जूल. भागाकार शुद्ध संख्या. 'ई'च्या डोक्यावर शुद्ध संख्येशिवाय दुसरे काही चालतच नाही, कारण ई^क्ष उलगडले की १ + क्ष + क्ष^२/२ अशी बेरीज होते आणि १ मध्ये जूल मिळवता येत नाहीत. घातांक तपासून झाला की अख्खा कंस एककरहित ठरतो, तो बाजूला ठेवा. उरला पुढचा भाग.

२·एच·न्यू^३/सी^२ = जूल·सेकंद × सेकंद^-३ ÷ (मीटर^२·सेकंद^-२) = जूल/मीटर^२

इथे पुष्कळ जण अडतात : वॅट कुठे गेला? तो गेला नाही, लपला आहे. बी(न्यू) म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, दर स्टेरेडियनला (हे घनकोनाचे एकक, त्याला मिती नाही) किती वॅट. वॅट ÷ हर्ट्झ = (जूल/सेकंद) × सेकंद = जूल. म्हणून 'जूल/मीटर^२' आणि 'वॅट प्रति मीटर^२ प्रति हर्ट्झ' एकच. तरीही वहीत दुसरेच रूप लिहा. पहिल्यात 'दर हर्ट्झला' हे शब्द पुसले जातात, आणि तुमची अडचण नेमकी तिथली आहे.

आता तुमचे २·एच·सी/लॅम्डा^३ घ्या : जूल·सेकंद × मीटर/सेकंद ÷ मीटर^३ = जूल/मीटर^२. म्हणजे वारंवारतेच्या सूत्राचे जे एकक होते तेच. तुम्ही न्यूच्या जागी लॅम्डा लिहिला, पण राशी अजून 'दर हर्ट्झला'च आहे. पुस्तकातली राशी 'दर मीटर तरंगलांबीला' आहे : जूल·सेकंद × मीटर^२·सेकंद^-२ ÷ मीटर^५ = वॅट/मीटर^३. केळीचा भाव क्विंटलवरून डझनावर आणायचा तर पाटीवरचा शब्द बदलून भागत नाही, आकडाही बदलावा लागतो. तसेच हे आहे.

बदलत नाही ती एका अरुंद पट्ट्यातली ऊर्जा : बी(न्यू)·डीन्यू = बी(लॅम्डा)·डीलॅम्डा. न्यू = सी/लॅम्डा याचा डेरिव्हेटिव्ह −सी/लॅम्डा^२. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच की लॅम्डा वाढला की न्यू घटतो; इथे फक्त आकारमान घ्यायचे. तुमच्या सूत्राला सी/लॅम्डा^२ ने गुणा, पुस्तकातले सूत्र हजर.

वॅट/मीटर^३ या एककाविषयी एक इशारा. हे 'दर घनमीटरला वॅट' नव्हे. यातले दोन मीटर पृष्ठभागाचे आहेत आणि तिसरा तरंगलांबीचा. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून 'वॅट प्रति मीटर^२ प्रति मायक्रोमीटर' लिहिणे बरे. भुसावळच्या मे महिन्यात ४५ अंशांवर तापलेली भिंत ब्लॅकबॉडी मानली, तर टी = ३१८.१५ केल्विन. लॅम्डा = १० मायक्रोमीटर = १०^-५ मीटर घ्या. एच·सी/के = ०.०१४३८८ मीटर·केल्विन, म्हणून घातांक ४.५२२ आणि कंस ९२.०५ − १ = ९१.०५. पुढचा भाग १.१९१ × १०^-१६ ÷ १०^-२५ = १.१९१ × १०^९. उत्तर १.३१ × १०^७ वॅट/मीटर^३, म्हणजेच १३.१ वॅट प्रति मीटर^२ प्रति मायक्रोमीटर, दर स्टेरेडियनला. दुसरा आकडा डोळ्यांसमोर उभा राहतो, पहिला राहत नाही.

याच मुळातून आणखी एक गैरसमज निघतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान ५७७२ केल्विन धरले, तर तरंगलांबीच्या आलेखाचे शिखर वीनच्या नियमाने २.८९८ × १०^-३ ÷ ५७७२, म्हणजे ५०२ नॅनोमीटरला येते. वारंवारतेच्या आलेखाचे शिखर ५.८७९ × १०^१० हर्ट्झ प्रति केल्विन × ५७७२ = ३.३९ × १०^१४ हर्ट्झला येते, आणि त्याची तरंगलांबी भरते सुमारे ८८३ नॅनोमीटर. दोन शिखरांचा गुणाकार सी येत नाही, ०.५६८ सी येतो. 'दर मीटरला' आणि 'दर हर्ट्झला' हे दोन वेगळे आलेख आहेत, त्यांची शिखरे एका जागी असायचे कारण नाही. न्यू(शिखर) = सी/लॅम्डा(शिखर) असे लिहिले तर एकके निमूट जुळतात, उत्तर मात्र चुकते.

प्रश्न : गोदामाच्या पत्र्याची खालची बाजू ६५ अंश सेल्सिअस, फरशी ३५ अंश. पत्रा किती उष्णता खाली फेकतो हे काढताना सिग्मा × ६५^४ करून १.०१ वॅट/मीटर^२ आले. मग फरक घेतला, सिग्मा × ३०^४, तर ०.०५ आले. दुपारी त्या गोदामात उभे राहवत नाही, आणि हिशेब सांगतो की काहीच नाही! (पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, भुसावळ)

उत्तर : अंगाला लागतो तो चटका खरा आहे. हिशेबात दोन वेगळ्या चुका आहेत आणि एककांची तपासणी त्यांतली एकच पकडते.

पहिली चूक केल्विनची. स्टीफनचा नियम असा : प्रारण = सिग्मा·टी^४, टी केल्विनमध्ये. सिग्मा = ५.६७ × १०^-८ वॅट·मीटर^-२·केल्विन^-४. यातला केल्विन^-४ कापायला वर केल्विन^४ हवेत. तुम्ही ६५ च्या पुढे एकक लिहिले असते तर 'अंश सेल्सिअस^४ × केल्विन^-४' असे न कापले जाणारे काहीतरी उरले असते. नुसता आकडा घातला, म्हणून सूत्र गप्प बसले. ६५ अंश म्हणजे ३३८.१५ केल्विन, चौथा घात १.३०७ × १०^१०. प्रारण ७४१ वॅट/मीटर^२.

दुसरी चूक जास्त फसवी. सिग्मा·(टी१ − टी२)^४ आणि सिग्मा·(टी१^४ − टी२^४) या दोन्हींचे एकक वॅट/मीटर^२ हेच. तापमानाचा फरक अंशांत घेतला काय, केल्विनमध्ये घेतला काय, तो ३०च, त्यामुळे केल्विनची शिस्त पाळूनही ही चूक राहते. इथे अर्थाकडेच पाहावे लागते : पत्रा त्याच्या तापमानानुसार ७४१ फेकतो, फरशी तिच्या ३०८.१५ केल्विनला ५११ परत फेकते. फरक २३० वॅट/मीटर^२. दोन्ही पृष्ठभाग समोरासमोर, मोठे आणि ब्लॅकबॉडीसारखे मानले तर हे उत्तर.

पडताळ्याला ४·सिग्मा·टी^३ वापरा. सरासरी तापमान ३२३.१५ केल्विन धरल्यास ही राशी ७.६५ वॅट प्रति मीटर^२ प्रति केल्विन येते. ३० ने गुणले की २२९.६. फरक लहान असताना हा सरळ गुणाकार जवळजवळ अचूक बसतो, आणि अंश-केल्विनचा घोळ इथे होत नाही कारण फरक दोन्हींत सारखाच.

शिवाय उत्सर्जकता, म्हणजे ब्लॅकबॉडीच्या तुलनेत पृष्ठभाग किती प्रारण फेकतो ते प्रमाण. तिला एकक नाही, ती विसरली तर एककांना पत्ताही लागत नाही. रंग दिलेल्या पत्र्याची ०.९ च्या आसपास, नव्या चकचकीत धातूची त्याहून पुष्कळ कमी. वरचे २३० ही कमाल मर्यादा समजा.

प्रश्न : मिती विश्लेषणाने स्टीफनचा नियम 'सिद्ध' करता येतो का? शिकवताना मुले विचारतात, आणि 'येतो' म्हणावे की 'नाही' म्हणावे हे ठरत नाही. (कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, धुळे)

उत्तर : सिद्ध नाही, पण रूप पूर्णपणे ठरवता येते, आणि ते ठरवताना जे हाती लागते ते सिद्धतेपेक्षा कमी मोलाचे नाही.

दर चौरस मीटरला, दर सेकंदाला बाहेर पडणारी एकूण ऊर्जा फक्त के·टी, एच आणि सी यांवर अवलंबून आहे असे धरा. के आणि टी वेगवेगळे घेऊ नका, ते जोडीनेच येतात. मग (के·टी)^प × एच^फ × सी^ब. हवे ते एकक : जूल·मीटर^-२·सेकंद^-१.

जूलचे घात जुळवा : प + फ = १.
मीटरचे : ब = −२.
सेकंदाचे : फ − ब = −१, म्हणून फ = −३.
त्यावरून प = ४.

म्हणजे (के·टी)^४ / (एच^३·सी^२). टीचा चौथा घात आपोआप आला, आणि दुसरा पर्यायच नाही. जूलला इथे मीटर-सेकंदापासून स्वतंत्र धरता आले, कारण त्यात दडलेले वस्तुमान दुसऱ्या कुठल्याही राशीत नाही. मुलांपैकी कोणीतरी हे विचारेलच.

न मिळणारी गोष्ट म्हणजे पुढचा अंक. पूर्ण इंटिग्रेशन केल्यावर तो २·पाय^५/१५, म्हणजे ४०.८ निघतो. नुसत्या मितींवरून सिग्मा १.३९ × १०^-९ आला असता. मितीवरून येणारा अंक साधारण १ च्या आसपास असतो हा अंदाज इथे चांगलाच आपटतो, हेही वर्गात सांगावे.

आता एच काढून टाका आणि तोच हिशेब करा. जूलवरून प = १, मीटरवरून ब = −२, आणि सेकंदाचा घात +२ येतो; हवा होता −१. समीकरणे सुटतच नाहीत. १९०० पूर्वीच्या भौतिकशास्त्रात के·टी आणि सी एवढेच साहित्य होते, आणि त्यातून सिग्माचे मूल्य काढण्याची वाटच नव्हती. स्टीफनने १८७९ मध्ये चौथा घात प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडला, बोल्ट्झमनने १८८४ मध्ये तो उष्मागतिकीतून काढला; पण सिग्मा मोजूनच घ्यावा लागत होता. एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, 'बोल्ट्झमनकडे एच नव्हता, मग टी^४ कसा आला?' उत्तर हेच : त्याच्या पद्धतीत सिग्मा हा स्वतःची मिती घेऊन येणारा अज्ञात स्थिरांक म्हणून राहतो. प्लँकने डिसेंबर १९०० मध्ये एच आणला आणि तो अज्ञात सुटला.

उलट बाजूही दाखवा. एच न वापरणारे रेले-जीन्सचे सूत्र २·न्यू^२·के·टी/सी^२. एकके : सेकंद^-२ × जूल ÷ (मीटर^२·सेकंद^-२) = जूल/मीटर^२. प्लँकच्या सूत्राशी तंतोतंत जुळतात. सूत्र मात्र मोठ्या वारंवारतेला साफ चुकते, सगळ्या वारंवारतांवर बेरीज केली तर अनंत. खुद्द रेले यांनी १९०५ मध्ये स्थिरांकासह सूत्र दिले तेव्हा तो आठ पट मोठा होता. तो जीन्स यांनी दुरुस्त केला. आठला एकक नसते.

प्रश्न : कुठे पाय, कुठे ४·पाय, कुठे ८·पाय. तीन पुस्तकांत प्लँकची तीन सूत्रे. (शहादा)

उत्तर : तीन राशी आहेत. तेजस्विता (बी) ही दर स्टेरेडियनला. पृष्ठभागातून अर्ध्या अवकाशात जाणारे एकूण प्रारण पाय × बी. २·पाय नाही, कारण तिरकस दिशेला पृष्ठभाग कमी दिसतो. ऊर्जेची घनता ४·पाय/सी × बी, एकक जूल/मीटर^३ (प्रति हर्ट्झ असेल तर जूल·सेकंद/मीटर^३); तिथे २ × ४·पाय = ८·पाय होतात आणि सी^२ चा सी^३ होतो. वारंवारतेच्या सूत्रात ८·पाय दिसला की छेदात सी^३ आहे ना ते पाहा, ही खात्रीची खूण. घनता आणि प्रारण यांचे नाते : प्रारण = सी/४ × घनता; म्हणून घनतेचा स्थिरांक ४·सिग्मा/सी = ७.५७ × १०^-१६ जूल·मीटर^-३·केल्विन^-४.

स्टेरेडियनला मिती नाही, तरी तो लिहीत चला, शेवटपर्यंत ओढत न्या. कापला गेला नाही तर पाय राहिला आहे. रेडियनचेही तसेच : वारंवारता रेडियन/सेकंदात असेल तर एच ऐवजी एच/२·पाय येतो आणि पुढचा स्थिरांकही बदलतो; दोन्ही रूपांची मिती एकच, म्हणून ही चूक डोळ्यांनीच पकडावी लागते.

प्रश्न : जुन्या पुस्तकात सिग्मा ५.६७ × १०^-५ आहे. छपाईची चूक? (चोपडा)

उत्तर : नाही, सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) एकक. १ वॅट = १०^७ अर्ग/सेकंद, १ मीटर^२ = १०^४ सेंटिमीटर^२, म्हणून १०^३ चा फरक. शेजारी 'अर्ग' छापलेले असेलच.

प्रश्न : स्प्रेडशीटमध्ये प्लँकचा आलेख काढतो आहे. कधी शून्याने भागाकाराची एरर, कधी आकडा फार मोठा झाल्याची एरर, कधी १०^-१६ असली उत्तरे. सूत्र दहा वेळा तपासले. (चाळीसगाव)

उत्तर : सूत्र बरोबर असणार, स्थिरांक वेगवेगळ्या घरचे आहेत. एररवरूनच निदान होते. वरचेच उदाहरण घेऊ : १० मायक्रोमीटर, ३१८.१५ केल्विन, घातांक ४.५२२ यायला हवा.

शून्याने भागाकार : एच जूल·सेकंदात (६.६२६ × १०^-३४) आणि के इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेच्या दुसऱ्या एककात (८.६१७ × १०^-५) घेतला आहे. घातांक ७.२ × १०^-१९ होतो. ई^ तो = नेमका १, कारण संगणक पंधरा-सोळा अंकांपलीकडे ठेवत नाही. त्यातून १ गेला, उरले शून्य.

आकडा फार मोठा : उलटी अदलाबदल, एच इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये आणि के जूलमध्ये. घातांक २.८ × १०^१९. स्प्रेडशीट साधारण ई^७०९ च्या पुढे जात नाही.

१०^-१६ च्या घरातले उत्तर : तरंगलांबीच्या रकान्यात १०^-५ ऐवजी नुसते १० आहेत. पाचव्या घाताने एकट्यानेच १०^३० चा फरक पडतो, घातांक दहा लाख पटींनी लहान होतो, आणि शेवटी २.६ × १०^-१६ असे काहीतरी येते.

उपाय : घातांकाला स्वतंत्र रकाना द्या. तो दिसला की निम्मे दोष लगेच कळतात. वरच्या ओळीत प्रत्येक स्थिरांकाखाली त्याचे एकक लिहा. २०१९ पासून एच, के आणि सी तिन्ही व्याख्येनेच पक्के आहेत : ६.६२६०७०१५ × १०^-३४, १.३८०६४९ × १०^-२३, २९९७९२४५८. एसआय एककांत एवढेच तीन घाला, दुसरीकडून काही उचलू नका.

मग बेरजेची परीक्षा. १ ते १०० मायक्रोमीटर, ०.१ च्या पायरीने बी काढा, प्रत्येकाला पायरीच्या रुंदीने गुणा, बेरीज करा, पायने गुणा. सिग्मा·टी^४ = ५८१ वॅट/मीटर^२ आहे; तुमची बेरीज ५७८ ते ५७९ यायला हवी, कारण १०० मायक्रोमीटरच्या पलीकडे सुमारे ०.४ टक्का ऊर्जा राहते. १८४ आले तर पाय राहिला. ५.७९ × १०^८ आले तर बी वॅट/मीटर^३ मध्ये आहे आणि पायरी मायक्रोमीटरमध्ये. २९० च्या आसपास आले तर पुढचा २ गळला आहे.